बांधकाम साहित्यातला कार्बन: खानदेशातल्या छोट्या धंदेवाल्यांनी एकत्र येऊन काही करता येईल का?

तापीकाठ
राम राम मंडळी. दीपनगरच्या, म्हणजे भुसावळच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या, अलीकडे माझा राखेच्या विटांचा छोटा कारखाना आहे. आजवर गिऱ्हाईक तीनच गोष्टी विचारायचं: भाव काय, फुटतूट किती, गाडी कधी लागेल. आता एका मोठ्या गोदामाच्या कामाची चौकशी आली आणि त्यांच्या सल्लागाराने चौथंच विचारलं. तुमच्या मालात कार्बन किती, आणि त्याचा ईपीडी आहे का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कच्चा माल निघाल्यापासून वीट फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यापायी किती कार्बन हवेत गेला, याचा बाहेरच्या तज्ज्ञाने पडताळलेला कागद म्हणजे ईपीडी. साधारण पाच वर्षं चालतो. तो काढायचा खर्च ऐकून मी खुर्चीत बसलो. माझ्यासारख्या एकट्याला परवडणार नाही.

तर प्रश्न असे. भुसावळ-जळगाव पट्ट्यातले आम्ही दहा-पंधरा वीटवाले मिळून एकच ईपीडी काढू शकतो का? आणि आरएमसीवाले (प्लांटमधून तयार काँक्रीट पुरवणारे), सळईवाले, ठेकेदार, इंजिनियर हे सगळे एका टेबलावर बसले तर खरंच कार्बन कमी होईल, की नुसता आणखी एक कागद फायलीत लागेल?

संशयात्मा
रुमाल टाकून ठेवतो.

ओळंबा
धागा चांगला आहे, पण तापीकाठ भाऊ, राग मानू नका. घरातल्या कार्बनमध्ये तुमच्या विटेचा वाटा धाकटा आहे. मोठा वाटा सिमेंट आणि सळईचा.

आपला नेहमीचा ठोकताळा घ्या. चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट, ४ किलो सळई. म्हणजे १००० चौरस फुटांच्या घराला ४०० गोण्या, २० टन सिमेंट, आणि ४ टन सळई. ओपीसीच्या (साध्या पोर्टलँड सिमेंटच्या) एका टनामागे ८५० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर १७ टन झाला. तेच घर पीपीसीत (राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये) बांधलं आणि टनामागे ६०० किलो धरला तर १२ टन. ब्लास्ट फर्नेसच्या लोखंडाची सळई असेल तर टनाला सव्वादोन ते अडीच टन, म्हणजे तिचा ९-१० टन. आकडे कारखान्यागणिक बदलतात, पण गणिताचा रोख हाच राहतो.

सिमेंटमध्ये इतका कार्बन का, हेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की सगळा दोष कोळशाचा. भट्टी १४५० अंशांवर तापवायला इंधन लागतंच, पण त्याहून जास्त कार्बन चुनखडीच्या पोटातून निघतो. एक टन शुद्ध चुनखडी भाजली की ५६० किलो चुना उरतो आणि ४४० किलो वायू होऊन जातो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४० किलो जाणारच. म्हणून पहिला उपाय क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे मूळ खडे, कमी करणं हाच. ओपीसीत तो ९५ टक्क्यांच्या आसपास असतो. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख घालायला आयएस १४८९ हे भारतीय मानक परवानगी देतं. आणि राख आपल्या उशाशी पडलेली आहे.

आखाजी
भो, मन्हा घरना स्लॅब मे महिनामा भट्टी व्हई जास. कार्बन मंग मोजा, पहिले घर थंडा करा!

सेंट्रिंगवाला_बापू
ओळंबा साहेब, कागदावर सगळं गोड दिसतं. मी तीस वर्षं स्लॅब भरतोय, माझं ऐका.

मालक गोणीवर ५३ हा ताकदीच्या ग्रेडचा आकडा बघतो. ५३ दिसला नाही तर त्याला वाटतं ठेकेदाराने पैसे खाल्ले. दुकानदार म्हणतो, लोक मागतात तेच मी ठेवतो. तुमच्यासारखे इंजिनियर नकाशाच्या कोपऱ्यात ओपीसी ५३ लिहून मोकळे होतात. आणि पीपीसी वापरलं तर ताकद सावकाश चढते, सेंट्रिंग जास्त दिवस अडकून पडतं. प्लेटा, जॅक, बल्ल्या सगळं भाड्याचं. त्या वाढीव दिवसांचं भाडं कार्बन देणार आहे का?

आणखी एक. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर. पाणी टँकरचं. तुमच्या राखेच्या सिमेंटला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. बोला आता.

वरणबट्टी
बापूंना +१. आमच्याकडे मिस्त्रीने पीपीसी परत पाठवलं होतं, 'हे गिलाव्याचं सिमेंट आहे' म्हणून.

ओळंबा
@बापू, तक्रार खरी आहे आणि आयएस ४५६ हा काँक्रीटचा कोड तुमच्याच बाजूने बोलतो. ओपीसीला पाणी किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १०. हवा कोरडी-उष्ण असेल तर मुळातच १० च्या खाली यायचं नाही, आणि त्यात मिश्र सिमेंट असेल तर १४ पर्यंत न्यावेत अशी शिफारस. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्यापुढे १४, पण हे ओपीसीचं. दुसरं सिमेंट असेल तर मुदत त्याप्रमाणे बदलून घ्या असंच कोड म्हणतो.

पण सगळं घर म्हणजे स्लॅब नव्हे. आपल्या काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, मुरूम लागेपर्यंत खोदाई असते. त्या फुटिंगच्या खाली कुठे सेंट्रिंग अडकतं? त्यावर पूर्ण भार यायला कित्येक महिने जातात. तिथल्या काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशीच का मोजायची? ५६ दिवसांची धरली तर राखेचं प्रमाण बिनधास्त वाढवता येतं. मोठ्या कामांवर हे चालतं. आपल्याकडे होत नाही, कारण ती ओळ करारात लिहायची तर मी, तुम्ही, आरएमसीवाला आणि मालक असे चौघे एकाच वेळी तयार पाहिजेत. आज प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

वरणबट्टी, तुमच्या मिस्त्रीला सांगा की पीपीसी आरसीसीला चालतं. कोडमध्ये आहे.

संशयात्मा
आता रुमाल उचलतो.

'सगळा उद्योग एकत्र येऊन' हे शब्द ऐकले की मी आधी खिसा चाचपतो. २०१२ साली स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला मिळून सहा हजार कोटींवर दंड ठोकला होता, संगनमत केलं म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तो भाग वेगळा. पण एकत्र बसायची सवय या धंद्याला आधीपासून आहे, आणि ती हवेच्या काळजीने लागलेली नाही. तापीकाठ, तुमचे पंधरा वीटवाले टेबलावर बसतील, चहा होईल, आणि अर्ध्या तासात विषय विटेच्या भावावर येईल.

तापीकाठ
@संशयात्मा, आमचे पंधरा जण भावावर एकमत झाले तर मीच तुम्हाला शेवभाजी खाऊ घालीन. दोघांचंही जमत नाही.

निळी_शाई
पुण्यात याच विषयात काम करते, माहेर चोपडा. जगात काय चाललंय ते थोडं सांगते.

सिमेंट-काँक्रीटवाल्यांची जागतिक संघटना २०१८ साली झाली आणि २०२१ मध्ये त्यांनी २०५० पर्यंतचा निव्वळ शून्याचा आराखडा काढला. सरकारांच्या पातळीवर भारत आणि स्वीडनने २०१९ मध्ये जड उद्योगांचा कार्बन कमी करण्यासाठी लीडआयटी नावाचा गट काढला. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेखाली भारत आणि ब्रिटनने आणखी एक उपक्रम सुरू केला. त्यात भर आहे सरकारी खरेदीवर, कारण रस्ते, पूल, धरणं यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सरकारच असतं.

माझ्या मते या सगळ्यात कामाचा भाग खरेदीदारांच्या वचनांचा आहे. काँक्रीटझिरो म्हणून २०२२ पासून एक गट आहे. त्यात येणाऱ्या कंपन्या लेखी देतात की २०२५ पर्यंत ३० टक्के, २०३० पर्यंत ५० टक्के काँक्रीट कमी कार्बनचं घेऊ. तापीकाठ भाऊंना गोदामवाल्याचा प्रश्न आला तो अशाच कुठल्या तरी वचनाची शेपटी असणार. कारखानदार म्हणतो मागणी नाही, बांधणारा म्हणतो माल नाही. हे कोडं मागणी करणाऱ्यानेच सोडवायचं असतं.

संशयात्मा यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. म्हणून अशा कामात नियम साधा असतो: प्रत्येकाने आपली वीज, डिझेल, सिमेंट, राख यांची आकडेवारी तिऱ्हाईत संस्थेला द्यायची, एकमेकांना नाही. बाहेर येते ती सरासरी, आणि सरासरीच्या वर-खाली किती फरक आहे ते. टेबलावर भाव काढायचा नाही.

आणि हो, सामाईक ईपीडी निघतो. माल एकसारखा आणि करायची पद्धत एकसारखी पाहिजे. चुना-राखेची वीट आणि सिमेंट-राखेची वीट एका कागदात कोंबू नका.

साकरीकर
एवढी मोठमोठी नावं घेण्यापेक्षा आजोबांची धाब्याची घरं काय वाईट होती? मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर लाकडं अंथरून खारी माती. दर पावसाळ्याआधी माती टाकायची की झालं. सिमेंट शून्य, सळई शून्य. उन्हाळ्यात माठासारखं गार. @आखाजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आजोबांकडे होतं.

आखाजी
ते खरं शे भो. पन धाबं गळे तवय खाटलं कथा सरकावानं ते बी सांगा!

थापी
आर्किटेक्ट आहे, धुळ्यात काम करते. धाब्याच्या घरांवर माझं प्रेम आहे, पण साकरीकर दादा, हिशेब पुरा मांडू या. ती तुळई सातपुड्यातल्या सागाची असायची. आज खानदेशातल्या प्रत्येक घराला तसा साग द्यायचा म्हटलं तर सातपुडा उरेल का? माती चढवायला दरवर्षी माणसं लागायची. आता घरात म्हातारा-म्हातारी, पोरं नाशिक-सुरतला. धाब्यावर चढणार कोण?

त्यातलं घेण्यासारखं वेगळं आहे. वाडा पाडतात तेव्हा साग विकला जातो, पण दगड, चौकटी, जुनी वीट गाडीत भरून नाल्यात. मी दोन घरांत जुन्या वाड्याचा दगड जोत्याला वापरला. मालकाची आधी कुरकुर होती, 'लोक म्हणतील सेकंडहँड'. नंतर पाहुण्यांना तोच दगड दाखवत फिरत होता. पाडकाम करणारे आणि बांधणारे यांच्यात मालाची ओळख करून देणारी एक जागा जरी जळगावात झाली, तरी ते सहकार्यच आहे. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना स्वीडन.

आणि एक आमच्या व्यवसायाला टोला. गरज नसताना २३० मिलिमीटरच्या भिंती, शोभेची ढापणं, दुप्पट सळईचे कॉलम. 'असू द्या जास्तीचं, घर मजबूत होतं' हे वाक्य मी रोज ऐकते. सगळ्यात स्वस्त कार्बन कपात म्हणजे नीट काढलेलं डिझाइन. यात पैसे वाचतात आणि तरीही कोणी करत नाही.

गुळवेल
अवांतर: बापू भुसावळचे आणि धाग्यावर अजून भरिताचा विषय निघाला नाही, हे धाग्याचं अपयश आहे.

वरणबट्टी
एलसी-थ्री नावाचं नवं सिमेंट आलंय म्हणे, मातीचं. आपली काळी माती वापरता येईल का? ती तर फुकट आहे.

निळी_शाई
नाही हो. त्याला केओलिन असलेली माती लागते, जी ८०० अंशांच्या आसपास भाजली की सिमेंटसारखी वागते. आपली काळी माती फुगणाऱ्या जातीची, मॉन्टमोरिलोनाइटची. उन्हाळ्यात भेगा पाडते आणि पावसाळ्यात घरं उचलते ती तीच. केओलिन कच्छकडे आहे. चुनखडी तर आपल्या बेसॉल्टच्या मुलखात नाहीच. आपलं पुष्कळसं सिमेंट चंद्रपूर-यवतमाळकडच्या चुनखडीचं, रेल्वेने येतं.

पण एलसी-थ्रीची गोष्ट सहकार्यासाठी सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडची ईपीएफएल, क्यूबातलं एक विद्यापीठ, दिल्ली आणि मद्रासची आयआयटी यांनी मिळून ते उभं केलं. निम्मं क्लिंकर, तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी, बाकी जिप्सम. ओपीसीपेक्षा कार्बन ४० टक्क्यांपर्यंत कमी. झाशीजवळ त्याचं नमुन्याचं घर बांधलं. तरी भारतीय मानक, आयएस १८१८९, यायला २०२३ साल उजाडलं. शोध लागला की माल बाजारात आला असं नसतं. मानक नाही तर इंजिनियर लिहीत नाही, आणि इंजिनियर लिहीत नाही तर दुकानदार ठेवत नाही.

याची गरज का, तर राख कायम मिळणार नाही. कोळशाची केंद्रं कमी होत जातील तशी राखही कमी होईल.

तापीकाठ
हे वाचून माझ्या धंद्याला ठसका लागला :)

जालन्याहून_मी
सळईबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. खानदेशात बरीच सळई आमच्या जालन्याची येते. ओळंबा यांनी धरलेला सव्वादोन-अडीचचा आकडा ब्लास्ट फर्नेसचा आहे. आमच्याकडे विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या. भंगार जास्त असेल तर कार्बन बराच खाली येतो. खनिजापासून कोळशावर केलेलं स्पंज आयर्न जास्त घातलं की पुन्हा चढतो. त्यावर वीज, तीही बहुतेक कोळशाची. म्हणजे एकाच गावातल्या दोन सळयांत मोठा फरक असू शकतो, आणि दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. टनामागे २.२ टनांच्या आत असेल तरच हरित, १.६ च्या आत पाच तारे. भंगारवाल्यांना ही चांगली संधी आहे. फक्त विचारणारा पाहिजे. गिऱ्हाईक अजून वजन आणि भाव, एवढंच बघतं.

पांझरेचा_पाट
सगळं वाचलं. माझा बांधकामाशी संबंध नाही, शेती आहे, साक्री तालुक्यात. पण एकत्र येऊन नियम पाळायची गोष्ट निघाली म्हणून लिहितो.

आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, अजून काही बंधाऱ्यांवर तिचे अवशेष आहेत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा कुठल्या फडात काय, हे मिळून ठरायचं. पाणी कमी असलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा हेही मिळूनच. पाटकरी (पाणी सोडणारा), जागल्या, हवालदार हे सगळ्यांचे नोकर. त्यामुळे वरच्याने जास्त पाणी ओढलं तर विचारणारा होता. ही पद्धत शेकडो वर्षं चालली ती माणसं भली होती म्हणून नाही. पाणी सोडणारा कुठल्याही एका शेतकऱ्याचा नव्हता म्हणून.

तुमच्या पंधरा कारखान्यांचा पाटकरी कोण, ते आधी ठरवा. कोणाचा भाऊ, मेव्हणा नको.

संशयात्मा
पांझरेचा_पाट, इतक्या प्रतिसादांत हा पहिला मला पटला.

चाचणी_टेबल
मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. पाटकरी व्हायला जागा आहे, पण आधी मालाबद्दल बोलतो.

'राख' म्हणून जे येतं ते एकसारखं नसतं. सायलोतली कोरडी राख वेगळी, तळ्यात पाण्यासोबत सोडलेली वेगळी. काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी घालायची तर आयएस ३८१२ प्रमाणे बारीकपणा प्रति किलो किमान ३२० चौरस मीटर पाहिजे आणि भाजल्यावर न जळलेल्या कोळशामुळे होणारी वजनातली घट ५ टक्क्यांच्या आत. तळ्यातली राख भरावाला, विटेला चालते, काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी नाही. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत दोन गाड्यांमध्येही फरक दिसतो. म्हणून आरएमसीवाला घाबरून राख कमी घालतो आणि सिमेंट जास्त. तो घाबरतो ते बरोबरच आहे.

हे एकट्याने सुटत नाही. पण पाच-सहा प्लांटवाल्यांनी मिळून दर आठवड्याला एकाच ठिकाणाहून नमुना काढला आणि निकाल सगळ्यांना एकदम दिला तर खर्च वाटला जातो, आणि ज्याला आज पंधरा टक्के राख घालायची भीती वाटते तो पंचवीसवर जाईल. माझ्या मते ईपीडीच्या आधी हे करा. कागद पुढच्या वर्षी काढला तरी चालेल.

सेंट्रिंगवाला_बापू
हे पटलं. रोज वेगळी राख आली की मिस्त्रीही वैतागतो, पाणी किती घालायचं ते समजत नाही. मग तो नळी सोडतो आणि सगळ्या ताकदीची वाट लागते.

थापी
बापू, मग पायापासून सुरुवात करू या का? एक काम माझ्याकडे येतंय, शाळेची इमारत, धुळ्याजवळ, तळमजला अधिक एक. मालक विश्वस्त आहेत, ऐकणारे आहेत. फुटिंग आणि प्लिंथ बीमला ५६ दिवसांची ताकद, राख ३० टक्के, स्लॅबला हात लावायचा नाही. ओळंबा मिक्सची अट लिहितील, चाचणी_टेबल क्यूब (काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) तपासतील.

तापीकाठ
माझ्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. चार वीटवाल्यांशी बोललो. दोघे तयार, एक म्हणतो माझी वीजबिलं कोणाला दाखवणार नाही, एकाने फोन उचलला नाही. तिऱ्हाईताकडेच जातील असं सांगितल्यावर तिसराही 'बघू' म्हणाला. आयएस १२८९४ ची चुना-राखेची वीट करणारे आधी घेतो, सिमेंटवाल्यांचा गट वेगळा.

गोदामाच्या सल्लागाराला कळवलं की ईपीडीला वेळ लागेल, तोवर वर्षभराची वीज, डिझेल आणि कच्च्या मालाची आकडेवारी प्रयोगशाळेच्या सहीने देतो. 'सध्या चालेल' असं उत्तर आलंय.

संशयात्मा
'सध्या चालेल' हे लेखी घ्या.

तापीकाठ
मेलवर आहे.

सेंट्रिंगवाला_बापू
थापी ताई, शाळेचं काम करायला मी तयार आहे. पण एक अडचण. माझा पायाचा हप्ता २८ दिवसांच्या क्यूबच्या रिपोर्टवर सुटतो. तुम्ही ताकद ५६ दिवसांवर नेली तर माझे पैसेही ५६ वर जाणार. मजुरांचा आठवड्याचा पगार मी कुठून देऊ?

ओळंबा
हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आला. २८ दिवसांना मधला टप्पा ठेवता येईल. तोवर ठरलेल्या ताकदीच्या अमुक टक्के भरली की हप्ता सुटेल. अमुक म्हणजे किती, ते चाचणी_टेबल यांच्या ट्रायल मिक्सवरून ठरवू.

थापी
आणि हप्त्यातले ५ टक्के ५६ व्या दिवसापर्यंत राखून ठेवू. विश्वस्तांना एवढं समजावता येईल.

सेंट्रिंगवाला_बापू
५ चालतील. १० म्हणाले तर मी नाही. करारात टाका, मग ट्रायलच्या दिवशी मिस्त्रीला घेऊन येतो.